करडू झाडावर चढतं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी ‘चार ओळी लिहून दे’ असा फोन आला, तेव्हा मी दुकानात वह्यांचे गठ्ठे सोडत बसलो होतो. काय लिहू म्हणून विचारलं, तर पलीकडून हसण्याचाच आवाज. “करडूचं लिही की!” सतरा-अठरा वर्षं झाली, पण आमच्या बॅचची पोरं काही ते विसरायला तयार नाहीत. तेव्हा एकदा माझ्याच हातानं लिहून टाकतो.

डिसेंबर २००६. आम्ही नववीत. तोवर सहल म्हणजे गोकाकचा धबधबा, गोवा, फार तर पन्हाळा-जोतिबा. त्या वर्षी भूगोलाच्या सरांनी एकदम चामराजनगर जिल्हा काढला, बिळिगिरीरंगन बेट्ट, म्हणजे डोंगर. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून पाचशे किलोमीटरच्या वर. पालकांच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न: ते वीरप्पनचं रान नव्हे? सरांनी समजावलं, तो ऑक्टोबर २००४ मध्येच मारला गेला. आमची आजी म्हणाली, “मेला म्हणतात. बघितलंय कुणी?” तरी तिनंच कनवटीचे शंभर रुपये काढून दिले.

रात्रभर गाडी. सकाळी श्रीरंगपट्टणजवळ रंगनतिट्टूला नावेत बसवलं. कावेरीतल्या खडकांवर मगरी पसरलेल्या, वर झाडांवर चित्रबलाकांचा कलकलाट. फोटो आहेत, ते बघा. मला सांगायचंय ते पुढचं.

येळंदूर सोडलं की घाट लागतो. वळणावर गवा दिसला तसं ड्रायव्हरनं गाडी थांबवली. जांबोटीची पोरं म्हणाली, “ह्याला काय बघायचं? हा आमच्या भातात येतो.” पुढच्या वळणांवर कन्नडच्या सरांना गाडी लागली. असली लागली, की वर पोचल्यावर ते मागच्या सीटवर डोक्याला रुमाल बांधून जे आडवे झाले, ते दुपारपर्यंत उठलेच नाहीत. आणि आम्हाला जायचं होतं सोलिग आदिवासींच्या पोडूवर. पोडू म्हणजे त्यांची वस्ती. आता तिथल्या माणसांशी बोलणार कोण?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कन्नडात मला पस्तीस मार्क, तेही सरांच्या कृपेनं. सीमाभाग कर्नाटकात गेला म्हणून एक नोव्हेंबरला काळा दिन पाळणारं आमचं घर. कन्नड म्हणजे तलाठ्याकडचा उतारा, बसची पाटी आणि परीक्षेची भीती. पण बाबा माठ-कुंड्या घेऊन कित्तूरच्या, बिडीच्या बाजारात बसायचे आणि सुट्टीत मी त्यांच्याबरोबर असायचो. त्यामुळे भाव करण्यापुरतं, भांडण्यापुरतं कन्नड तोंडात होतं. “होय रे, तूच चल,” भूगोलाचे सर म्हणाले.

मी पहिल्याच वाक्याला ‘हौद्री’, म्हणजे ‘होय जी’, म्हटलं आणि तिथल्या बायका हसायला लागल्या. आमच्याकडच्या कन्नडात उठता-बसता ‘री’ लावतात, तिकडे तसं बोलत नाहीत. त्यात सोलिगांची बोली आणखी वेगळी. तरी जमत होतं. एक म्हातारे आजोबा ओट्यावर बसून सांगत होते, मी मराठीत सांगत होतो, सर वहीत उतरवून घेत होते. डोंगरावरचा रंगनाथ त्यांचा भावोजी लागतो, कारण त्यानं सोलिगांची मुलगी, कुसुमाले, केली. हे ऐकून आमच्या बाई पटकन म्हणाल्या, “अरे, ही तर आपली बाणाई!” खंडोबानं धनगराची बाणाई केली, तसंच इथं. वाघही त्यांचा देव.

मग मधाचं निघालं. उंच झाडावरची आग्या माश्यांची पोळी रात्री काढतात, वगैरे. आणि मी ठणकावून भाषांतर केलं: “मध काढला की थोडा खाली जमिनीवर वाघासाठी ठेवतात. कारण करडू झाडावर चढून आपलं आपण खातं, पण वाघाला चढता येत नाही.”

सरांची पेन्सिल थांबली. “करडू?”

“होय सर. करडूच म्हणाले.”

सरांनी लिहिलं. पोरांना गोष्ट फारच आवडली. वाघ खाली जिभल्या चाटतोय आणि करडू वर फांदीवर बसून मध खातंय! हसून हसून लोळायची पाळी आली. आजोबा गोंधळले. “एनु हेळिदे?” त्यांनी मला विचारलं, काय सांगितलंस म्हणून. मी दोन बोटांची शिंगं करून “मेंऽऽ” करून दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला, उठले, पाठीत वाकले, दोन्ही हातांची नखं ओट्याच्या खांबावर ओढत हुंगत हुंगत वर बघायला लागले.

“अस्वल!” मागून एक मुलगी ओरडली.

कन्नडात ‘करडि’ म्हणजे अस्वल. पाचवीच्या पुस्तकात चित्रासकट होतं म्हणे.

त्यानंतर आजोबा माझ्याशीच बोलायला लागले, हळू, एकेक शब्द सुटा करून. मला घेऊन ते वस्तीमागच्या रानाच्या कडेला गेले. तिथं माणूस शिरणार नाही एवढी घाणेरी माजली होती. तीच, आमच्या बांधावरची, रंगीत फुलांची. पूर्वी उन्हाळ्यापूर्वी पालापाचोळ्याला आम्ही बारीक आग लावायचो, ते म्हणाले, तेव्हा गवत यायचं. अभयारण्य झालं, आग बंद झाली, ही वाढली. सहामाहीला ‘वणवा : जंगलाचा शत्रू’ या निबंधाला मला पंधरापैकी बारा मिळाले होते, त्यामुळे काय बोलावं सुचेना. घरी आल्यावर आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, “आमची पण कुमरी होती की. रान जाळायचं, राखेत नाचणा टाकायचा. साहेबानं बंद केली.” हे तिनं त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

विक्रीसाठी मध, आवळा काढायलाही त्या सुमारास बंदी आली होती. २०११ मध्ये त्या रानाचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच वर्षी सोलिगांना वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळाले, हे मी पेपरात वाचलं. कन्नड पेपरात. दुकानात दोन्ही येतात.

दुपारी नाचण्याचे मुद्दे, म्हणजे पिठाचे शिजवलेले गोळे, वाढले. चावायचे नसतात, आमटीत बुडवून गिळायचे, हे कुणी आधी सांगितलं नाही. आम्ही पंधरा मिनिटं चघळत होतो. कन्नडचे सर तेवढ्यात उठून आले, दोन मुद्दे गिळले आणि मला म्हणाले, “काय रे, सांभाळलंस ना?” पोरांनी एकसुरात “मेंऽऽ” केलं.

भूगोलाच्या सरांची ती सहलीची वही शाळेच्या कपाटात अजून असणार, निळ्या पुठ्ठ्याची. प्रदर्शनात मांडणार असाल तर ती ओळ आधी खोडा. ‘करडू’च्या जागी ‘अस्वल’ लिहा. मी तेव्हाच सरांना सांगितलं होतं, पण ते म्हणाले, असू दे.