गाळा पालिकेचा, धंदा कोणाचा?

मी गोव्यात, म्हापशात लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते आणि त्यांची कराची विवरणपत्रे भरते. त्यामुळे लग्नाच्या मांडवात असो की चतुर्थीच्या आरतीनंतर, कोणी ना कोणी मला एक प्रश्न हमखास विचारतो: सरकारच्या मालकीचे जे काही आहे ते सगळे खासगी करून टाकले, तर हा नंबर दोनचा धंदा बंद होणार नाही का? काहीजण नेमके उलट विचारतात, की सगळे सरकारनेच ताब्यात घेतले तर? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून माझे उत्तर जरा सविस्तर लिहिते. मालक सरकार आहे की खासगी माणूस, यावर या दोन्ही प्रश्नांत नको तितका भर आहे. कागदावर नाव एकाचे आणि त्या वस्तूवर पोट भरणारा दुसराच, अशी स्थिती जिथे वर्षानुवर्षे टिकते तिथे बिनपावतीचा व्यवहार उभा राहतो, मग कागदावरचे नाव सरकारचे असो वा एखाद्या घराण्याचे.

बाजारातला गाळा घ्या. गोव्यातील बहुतेक शहरांत बाजाराची इमारत पालिकेची असते. गाळा कोणे एके काळी कोणाला तरी दिलेला असतो, भाडे तेव्हाच ठरलेले असते आणि मधल्या काळात बाजारभाव कुठल्या कुठे गेला तरी ते फारसे हललेले नसते. ज्याच्या नावावर गाळा आहे तो वारलेला असतो किंवा त्याने धंदा सोडलेला असतो. त्याचे वारस तो गाळा दुसऱ्याला चालवायला देतात, सुरुवातीला पगडी घेतात आणि पुढे महिन्याचे भाडे रोखीने घेतात. हे भाडे पालिकेच्या भाड्याच्या कितीतरी पट असते. पोटभाडेकरू ठेवायला नियमाची परवानगी नसल्यामुळे या पैशांची पावती कोणीच देत नाही. माझ्याकडे येणारा एक किराणा दुकानदार मला एकदा म्हणाला, "मॅडम, पावती मागितली तर गाळाच जाईल." त्याच्या म्हणण्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती.

आता याच दुकानदाराची वही उघडून पाहिली, तर काळा व्यवहार कसा जन्माला येतो ते कळते. भाडे हा त्याचा सर्वांत मोठा खर्च आहे, पण पावती नसल्यामुळे तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. शिवाय एका दिवशी एकाच माणसाला 10,000 रुपयांहून अधिक रक्कम रोख दिली, तर आयकरात ती वजावटीस पात्र ठरत नाही, म्हणजे पावती मिळाली तरी रोखीच्या भाड्याचा उपयोग नाही. सगळी विक्री प्रामाणिकपणे दाखवली तर कागदावर दिसणारा नफा हातात आलेल्या नफ्यापेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि जो पैसा वारसाच्या खिशात गेला त्यावर कर भरायची पाळी या दुकानदारावर येते. म्हणून तो तितकीच विक्री वहीबाहेर ठेवतो. पण बिलाने घेतलेला माल बिनबिलाचा विकला तर साठ्याचा मेळ बसत नाही, तेव्हा काही मालही बिनबिलाचा घ्यावा लागतो. तसा माल देणारा घाऊक व्यापारी त्याच कारणाने त्याच्या वरच्याकडून तसाच माल घेतो. एका न मिळालेल्या पावतीपासून निघालेली ही साखळी आमच्या गावाच्या बाहेर पार घाऊक बाजारपेठेपर्यंत जाते. लोक तिला व्यापाऱ्याची लबाडी म्हणतात, आणि लबाड व्यापारी असतातही. परंतु मी पाहिलेल्यांपैकी बरेचसे लोक लबाड नव्हते, त्यांना सरळ वागायला कागदावर जागाच नव्हती.

याचे पुढचे परिणाम लोकांच्या लक्षात येत नाहीत. जीएसटीची नोंदणी करायची तर धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो: भाडेकरार, विजेचे बिल, मालकाचे संमतिपत्र. विजेचे बिल मेलेल्या माणसाच्या नावावर, करार नाही, संमतिपत्र द्यायला वारस तयार नाहीत. माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, तेव्हा विक्री त्या रेषेच्या आत दाखवण्याला आणखी एक कारण मिळते. धंद्याच्या नावाने बँकेत चालू खाते उघडता येत नाही, म्हणून क्यूआर कोड बायकोच्या बचत खात्याचा लावलेला असतो. बँकेचे कर्ज मिळत नाही, म्हणून सावकाराकडे किंवा भिशीकडे जावे लागते. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही त्याला पैसाही महाग मिळतो. बाहेर फुटपाथवर बसणाऱ्या नुस्तेकान्नीला, म्हणजे मासे विकणारीला, निदान सोपोची (बाजारात बसण्याच्या शुल्काची) पावती तरी मिळते, कधी मिळत नाही तेव्हा ती भांडून मागते. आत गाळ्यात बसलेल्याला तेही करता येत नाही.

हे ऐकून प्रश्न विचारणारे म्हणतात, बघा, मालकी पालिकेची आहे म्हणूनच हे होते. मग खासगी मालकीकडे पाहू. आपल्या खासगी बसगाड्या पूर्णपणे खासगी मालकीच्या आहेत. कंडक्टर पैसे घेतो, पुढे ढकलतो आणि तिकीट बहुधा देत नाही. संध्याकाळी मालकाच्या हातात ठरलेली रक्कम ठेवली जाते, उरलेली चालक आणि कंडक्टर वाटून घेतात. गाडीने दिवसभरात किती कमावले हे मालकालाही नेमके ठाऊक नसते, मग सरकारला कुठून असणार? 1980 साली स्थापन झालेल्या सरकारी कदंब महामंडळाच्या बसमध्ये मात्र तिकीट मिळते. मी कदंबच्या कारभाराची तरफदारी करत नाही, तोटा कसा होतो हे सर्वांना माहीत आहे. परंतु खासगी म्हटले की हिशेब आपोआप चोख होतो हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

जमिनीचे तर बोलायलाच नको. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा आपल्याकडे चालत आला आहे, त्यात पती आणि पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामायिक असते आणि मुलांचा वाटा डावलता येत नाही. स्त्रियांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, तिचे मोल मी कमी करणार नाही. पण तीन पिढ्या वाटप न केलेल्या घराला असंख्य मालक होतात. कोणी लिस्बनला, कोणी मुंबईला, कोणी दुबईला. एक चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, पणजोबांचे नाव तसेच राहते. मग ज्याच्याकडे किल्ली तो पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो, पैसे रोख घेतो आणि नोंदणीच्या वाटेला जात नाही, कारण नोंदणीसाठी इतर वारसांच्या सह्या आणाव्या लागतात आणि सह्या मागितल्या की वाटा मागायला सगळे हजर होतात. इथे सरकारचा काहीही संबंध नाही. कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक संस्थेच्या, जमिनी तर सरकारच्याही नाहीत आणि कोणा एकाच्याही नाहीत, त्या गावकारांच्या, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या, सामायिक आहेत, तरी त्यांवर अतिक्रमण करून घर बांधणाऱ्याने कोणाला तरी रोख पैसे मोजलेले असतातच.

सर्वांत मोठा धडा मात्र खाणींनी दिला आहे. पोर्तुगीज सरकारने खाणीसाठी दिलेले परवाने जवळजवळ कायमचे होते. 1987 च्या कायद्याने ते रद्द झाले आणि 20 डिसेंबर 1961 पासून त्यांचे रूपांतर मुदतीच्या खाणपट्ट्यांत झाले असे मानले गेले. खाणमालकांनी न्यायालयात दाद मागितली आणि वाद वर्षानुवर्षे चालू राहिला. त्या काळात खनिज कोणाचे याचे उत्तर कोणीही ठामपणे दिले नाही, पण चीनची मागणी वाढली तेव्हा खनिज मात्र वेगाने बोटींवर चढत राहिले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी सांगितले, की पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती, म्हणजे त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षे खाणी पट्ट्याशिवाय चालल्या होत्या. मालक सरकार, खणणारे खासगी, आणि दोघांमधला कागद मुदत संपलेला: बाजारातल्या गाळ्याचीच गोष्ट, फक्त डोंगराएवढी. पुढे सरकारने लिलावाविनाच नूतनीकरण केले, 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने तेही रद्द केले, आणि डिचोली, सांगेकडच्या खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे हप्ते थकले. त्यांपैकी काहींची विवरणपत्रे मी भरली आहेत. खाण कोणाची या वादाशी त्यांचा काडीइतका संबंध नव्हता आणि कर्ज मात्र त्यांच्या नावावर होते.

याउलट काजूकडे पाहा. काजूची दारू गाळण्याच्या हक्कासाठी अबकारी खाते विभागवार लिलाव करते. त्यातही पळवाटा आहेत, घरातून बाटलीत भरून दिली जाणारी हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) कुठल्याच वहीत येत नाही. परंतु हक्क सरकारचा, काम खासगी माणसाचे, मुदत हंगामाची आणि किंमत सर्वांसमोर ठरलेली, अशी ही पद्धत आहे; भट्टी कोणाची हे गावात सगळ्यांना माहीत असते आणि कागदावरही तेच नाव असते.

म्हणून पालिकेचे गाळे विकून टाका असे मी म्हणत नाही, ते पालिकेकडेच राहावेत. मला हवे ते इतकेच: जो गाळ्यात बसतो त्याच्या नावाने करार व्हावा, ठरावीक वर्षांनी भाडे बाजाराप्रमाणे बदलावे आणि त्याची पावती मिळावी. यावर आक्षेप येतो, की नियम मोडून पोटभाडेकरू झालेल्याला तुम्ही बक्षीस देत आहात. आक्षेप खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. पगडीचे पैसे घेऊन बसलेल्या वारसांकडून ते वसूल करणे कठीण आहे हेही खरे. तरीसुद्धा मी त्या किराणा दुकानदाराच्या बाजूने उभी राहीन, कारण आज तो जे भाडे अंधारात भरतो त्याचा निम्मा हिस्सा जरी पालिकेला उघडपणे मिळाला, तरी बाजाराचे गळके छप्पर दुरुस्त होईल, आणि त्याला ती रक्कम वहीत खर्च म्हणून लिहिता येईल.