चालू गोळी बंद कोण करणार?

आईच्या गोळ्या कमी करून घेताना सगळ्यात जास्त अडलं ते ॲसिडिटीच्या एका गोळीपाशी. पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम, रोज उपाशीपोटी. इस्पितळातून घरी सोडताना कागदावर लिहिलेली, पण किती दिवस घ्यायची ते नाही. पुढे प्रत्येकाने तीच ओळ उतरवली. बीपी बघणारे म्हणाले, "ही माझी नाही." मधुमेह बघणारे म्हणाले, "चालू आहे ना, असू द्या." याचा राग अजून जात नाही. गोळी सुरू करायला कुणीही तयार, बंद करायला मात्र कुणीच नाही.

"ही हवी का?" असं विचारू नका, उत्तर "असू द्या" हेच मिळतं. "कशासाठी आणि कधीपर्यंत?" असं विचारा आणि उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या. साध्या जळजळीसाठी हे औषध सहसा ४ ते ८ आठवड्यांचं. पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल, किंवा रोजची वेदनाशामकं वा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते लागू शकतं. म्हणून परस्पर थांबवू नये. कारण नसताना वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. आईच्या बाबतीत यातलं कुठलंच कारण नव्हतं. शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच जबाबदारी घेतली: आधी २० मिलिग्रॅम, मग दिवसाआड, मग बंद.

खरी फसगत इथेच होते. बंद केल्यावर पोटात काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार होऊ शकतं, जळजळ वाढते, आणि "बघा, गोळी लागतेच" म्हणून ती परत सुरू होते. तेवढे दिवस साधं अँटासिड बहुतेकांना पुरतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि अँटासिड यांत ४ तासांचं अंतर ठेवा.

बाकीचं त्यामानाने सोपं गेलं. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्यांना सूज, सुजेसाठी लघवीची गोळी, अशी साखळी दिसली तर पहिल्या गोळीचा डोस बदलता येतो का ते विचारा. वयस्करांसाठी धोक्याच्या औषधांची 'बीअर्स क्रायटेरिया' ही यादी आहे, १९९१ पासूनची. २०२३मध्येही ती सुधारली गेली. झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्यांविषयी बोलताना तिचं नाव काढलं की डॉक्टर थांबून ऐकतात.

आणि हो, भेटीला जाताना चिठ्ठ्या नको, घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स आणि बाटल्या पिशवीत घालून न्या, सोबत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट. दोन ब्रँडांच्या नावाखाली एकच औषध निघालं, तर बिल लगेच उतरतं. एका वेळी एकच गोळी कमी करायची, नाहीतर त्रास कशाने झाला ते कळत नाही. झोपेच्या आणि मेटोप्रोलॉलसारख्या बीपी-हृदयाच्या गोळ्या एकदम कधीच थांबवू नका. पैसे वाचवायला मोठी गोळी घेऊन अर्धी करायची असेल, तर मधे रेघ आहे का बघा आणि फार्मासिस्टला विचारा. पँटोप्रॅझोलसारखी आवरणाची गोळी तोडायची नसते.