कुडाळ ते वेंगुर्ला-मालवण: वाळूचे फिल्टर बसवायला जाणाऱ्यांसाठी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ स्टेशनावर उतरलं की वेंगुर्ला आणि मालवण दोन्हीकडे एसटी मिळते. म्हणून या पट्ट्यात चर्चच्या सेवा-गटाबरोबर घरोघरी विहिरीचं पाणी गाळणारे वाळूचे फिल्टर बसवायला जाणाऱ्यांनी मुक्काम कुडाळातच ठेवावा. सिमेंट, जाळी, खडी तिथून उचलायची आणि सकाळी गाव गाठायचं. परतीची शेवटची गाडी कंडक्टरलाच विचारून घ्या. आतल्या वाड्यांत दुपारनंतर गाड्या तुरळक असतात आणि वस्तीची गाडी सकाळीच परत निघते.

जायचं ते दिवाळीनंतर आणि शिमग्याच्या आधी. पावसाळ्यात वाळू सुकत नाही, आणि ओली वाळू चाळणीतून जात नाही. गणपतीत आणि शिमग्यात घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, तेव्हा फिल्टर कसा वापरायचा हे ऐकायला कुणाला सवड नसते. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. मीठ हा फिल्टर काढत नाही. घर निवडताना तिथल्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी कसं लागतं हे घरच्या बाईला विचारा. ‘मचूळ’ असं उत्तर आलं तर तिथे पागोळ्यांचं पाणी साठवण्याचा विचार करावा. फिल्टर दुसऱ्या घराला द्यावा.

लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्समध्ये १८२९ साली जेम्स सिम्प्सन यांनी मंद वाळूगाळणी बसवली. तीच पद्धत कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या डेव्हिड मान्झ यांनी १९९०च्या दशकात घरगुती पेटीत आणली. समॅरिटन्स पर्ससारख्या ख्रिस्ती संस्थांनी ती देशोदेशी पोचवली. आत वीज नाही, बदलायची कांडी नाही, फिरणारा भाग नाही. काँक्रीटची कमरेएवढी उभी पेटी, तळाशी खडी, वर वाळू, आणि तळापासून भिंतीतून वर येणारी ६ मिमी आतल्या व्यासाची प्लास्टिकची नळी. वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांची साय धरते. ती बाहेरून आलेले रोगजंतू खाते. उरलेले जंतू खालच्या वाळूत अडकतात किंवा अन्न-हवेवाचून मरतात. साय नीट धरायला ३० दिवसांपर्यंत लागतात, तोवर गाळलेलं पाणीही उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्यावं. बसवून झाल्यावर टाळ्या वाजतात, फोटो निघतात आणि त्याच संध्याकाळी लेकरांना ते पाणी दिलं जातं. हे आपण अडवलंच पाहिजे.

सगळं काम वाळूवर ठरतं. समुद्राची वाळू घेऊ नका. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळा, बुडबुडे आले तर चुरा आहे असं समजा. खाडीच्या वाळूचीही तीच गत. व्हाळातली, म्हणजे ओढ्यातली, वाळू बरी दिसते, पण तिच्यात शेण आणि पालापाचोळा मुरलेला असतो. उत्तम म्हणजे काळ्या दगडाच्या क्रशरवरची कच. जांभ्याचा चुरा चालत नाही, तो पाण्यात विरघळल्यासारखा लाल होत राहतो.

चाळण्या तीन लागतात: १२ मिमी, ६ मिमी आणि ०.७ मिमी. शेवटची म्हणजे इंचाला २४ छिद्रं असलेली जाळी. डासांची जाळी वापरू नका, तिची छिद्रं मोठी असतात. १२ मधून पडलेलं आणि ६ वर राहिलेलं ती तळाची खडी. ६ मधून पडलेलं आणि ०.७ वर राहिलेलं ते मधल्या थराचं. ०.७ मधून पडते ती गाळणीची वाळू. खडी आणि मधला थर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचे. गाळणीची वाळू मात्र तशी धुवायची नाही, आणि इथेच निम्मे गट चुकतात. घमेल्यात चार बोटं वाळू घ्या, दुप्पट पाणी ओता, हाताने दहा वेळा फिरवा आणि गढूळ पाणी लगेच ओतून द्या. असं तीन-चारदा झालं की काचेच्या बरणीत निम्मी वाळू, निम्मं पाणी घेऊन गरगर फिरवा, टेबलावर ठेवा आणि बाजूने बघा. तीन-चार सेकंदांत वाळूचा माथा दिसू लागला की थांबायचं. लगेच दिसला तर वाळू जास्त धुतली गेली, फिल्टर फार भरभर वाहील. दिसलाच नाही तर अजून एक धुणं. किती धुण्यांत जमलं तो आकडा लिहून ठेवा, त्या ढिगाला तोच लागू. क्रशर बदलला की आकडाही बदलतो.

पेटी लोखंडी साच्यात ओततात. एका पेटीला १२ लिटर सिमेंट, २४ लिटर बारीक वाळू, १२ लिटर ६ मिमीची आणि १२ लिटर १२ मिमीची खडी. पन्नास किलोच्या गोणीत तीन पेट्यांना किंचित कमी पडतं, म्हणून दोन गोण्या आणून पाच पेट्यांचा हिशेब धरा. पाणी ७ ते १० लिटर, त्याहून जास्त नको. पातळ काँक्रीट भरायला सोपं जातं, पण पेटी पाझरते. साच्याला आतून खाण्याचं तेल लावा. इंजिन ऑइल कधीही नको, या पेटीतलं पाणी प्यायचं आहे. दुसऱ्या दिवशी साचा सोडवून पेटी पाण्याने भरा आणि आठवडाभर बाहेरूनही ओली ठेवा. पाण्याची पातळी खडूने आखून ठेवली की गळती कळते.

रिकामी पेटीच सत्तर किलोच्या घरात जाते. टेम्पोत खाली पेंढा घाला. टेम्पो पाखाडीपाशी, म्हणजे दगडी पायवाटेपाशी, थांबतो, पुढे बांबू, दोर आणि चार माणसं लागतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पेटी खचते, म्हणून पडवीत चिरे बसवून वर ओळंबा-लेव्हल बघून ठेवा. कलली की वाळूवरचं पाणी एका कडेला उथळ होतं.

भरताना आधी पेटीत निम्म्यापर्यंत पाणी, मग खडी, मग वाळू. कोरड्या वाळूवर पाणी ओतलं तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि फिल्टर वाहतच नाही. तळाला ५ सेंमी खडी, तिच्यावर ५ सेंमी मधला थर, वर साधारण ५४ सेंमी वाळू. वाहणं थांबल्यावर वाळूवर ५ सेंमी पाणी उरायला हवं. ४ ते ६ चालतं. कमी पाण्यात साय वाळते, जास्त पाण्यात तिला हवा पोचत नाही. जमत नसेल तर वाळू काढा किंवा घाला, नळीला हात लावू नका. वर ३ मिमी छिद्रांचं ताट ठेवायचं, म्हणजे ओतलेल्या पाण्याने वाळूला खड्डा पडत नाही. मग वरची १२ लिटरची जागा काठोकाठ भरून मोजा: नळीखाली एक लिटरचं माप भरायला अडीच मिनिटं. त्याहून लवकर भरला तर जंतू निसटतात, वाळू बदला.

वरच्या जागेत मावतं साधारण तितकंच पाणी वाळूच्या फटींतही मावतं. म्हणजे नव्या कळशीने बाहेर येतं ते आधीच्या वेळचं, आत विसावलेलं पाणी. म्हणून दोन भरण्यांत निदान तास जाऊ द्यावा, पण ४८ तासांहून जास्त नाही. घर बंद करून मुंबईला जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगून जावं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी भरलेली कळशी उचलवत नाही. तिथे पाच लिटरचा डबा आणि पायरीला एक चिरा द्या.

जुने फिल्टर पाहताना तीन गोष्टी पुन्हापुन्हा आढळतात. एक, नळीला लावलेला नळ किंवा पाइप. नळाने वाहणं अडतं, लांब पाइपने सायफन होऊन वाळू कोरडी पडते. दोन, खालचा उघडा हंडा आणि त्यात बुडवलेला तांब्या. एवढं करून पाणी तिथेच नासतं. तोटीचा, झाकणाचा डबा फिल्टरबरोबरच द्या. तीन, टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते, ते योग्यच आहे. पण ते ताजं पाणी फिल्टरमध्ये ओतलं की साय मरते. अशा गावात पाणी रात्रभर रुंद भांड्यात उघडं ठेवून सकाळी ओतायला शिकवा, आणि गाळलेल्या पाण्यात डब्यात क्लोरीन घालू द्या.

वाहणं मंदावलं की लोक वाळू उपसून धुतात. तसं करू नये. ताट काढा, चार लिटर पाणी ओता, तळहात वाळूच्या माथ्यावर अलगद पाच वेळा फिरवा, गढूळ पाणी वाटीने काढा. लागलं तर पुन्हा. मग माथा सपाट करायचा. यानंतरही काही दिवस पाणी उकळून प्यायचं.

वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या दवाखान्याचं जुनं काम आहे, आणि या जिल्ह्यातली कॅथलिक वस्ती २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येते. पाहुण्या गटाला याचा खरा उपयोग असा, की पुढच्या महिन्यात त्या घरात जाणारं माणूस तिथेच राहतं. सिस्टर असो, पाळक असो की आशाताई, प्रत्येक फिल्टरमागे एक नाव वहीत लिहूनच गाव सोडा. घरं निवडताना कोण कुठल्या देवाला जातो हे विचारायचं नाही. ज्या घरात लहान मूल आहे आणि विहीर उघडी आहे, ते घर आधी. घरच्यांनी वाळू धुवायला दोन दिवस यावं, ही अट मात्र सगळ्यांना सारखी. ज्याने वाळू धुतली तो पुढे ती उपसत नाही.

पुन्हा येणं तीनदा: आठवड्याने, महिन्याने आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर. तिसरी खेप टाळू नका. तेव्हा विहिरीत लाल पाणी उतरतं आणि फिल्टर तुंबतात. दोन लिटरची पारदर्शक बाटली भरून वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर ठेवा आणि वरून बघा. अक्षरं दिसली तर पाणी ओतायला हरकत नाही. नाही दिसली तर तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, आणि सकाळी वरचं पाणी दुहेरी धोतराच्या फडक्यातून गाळून मगच ओता.