डीव्हीडी प्लेअर आणि टीव्हीची जुळणी

दादरच्या आमच्या घरी जुन्या नाटकांच्या डीव्हीडी आजही आवडीने पाहिल्या जातात, म्हणूनच नवा रुंद टीव्ही आल्यावर प्लेअरची सेटिंग्ज तपासणे मला अगत्याचे वाटते. प्लेअरच्या सेटअप मेनूत टीव्हीचा आकार ‘४:३ लेटरबॉक्स’ असाच राहिला, तर रुंद पडद्यासाठी बनवलेल्या डिस्कमधील ५७६ ओळींचे चित्र प्लेअर ४३२ ओळींत दाबून बसवतो, वर-खाली काळ्या पट्ट्या घालतो आणि टीव्ही तेच चित्र आडवे ताणतो. परिणामी चेहरे पसरट दिसतात आणि बारकावे हरवतात. त्याऐवजी ‘१६:९’ हा रुंद टीव्हीचा आकार निवडताच नटाच्या कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट दिसते. अनेक प्लेअरमध्ये डिस्क चालू असताना हा पर्याय बदलता येत नाही, म्हणून आधी ती थांबवावी.

आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत पाल, सेकंदाला २५ चित्रांची. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या डिस्क मात्र बहुधा एनटीएससी या तिथल्या पद्धतीच्या, ४८० ओळींच्या असतात. टीव्ही दोन्ही स्वीकारत असेल, तर प्लेअर ‘ऑटो’वर ठेवावा. पिवळ्या पिनेच्या वायरीऐवजी लाल-हिरव्या-निळ्या कंपोनंट वायरी जोडल्यास रंगांच्या कडा स्वच्छ येतात, आणि प्रोग्रेसिव्ह स्कॅन (चित्राच्या सगळ्या ओळी एकाच फेरीत दाखवणे) हाही या जोडणीवर मिळू शकतो.