तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्यातलं कुणी असतं का तिथे?

मी अमेरिकेत भूल देणारी नर्स आहे. मिरजेच्या, लातूरच्या, पुण्याच्या नर्स मुली मला जो प्रश्न विचारतात तो नेहमी दोन हप्त्यांत येतो. आधी, "ताई, अमेरिकेत नर्सला भूल देता येते हे खरं का?" मग दोन-चार मेसेज इकडचे तिकडचे, आणि शेवटी मनातलं, "पण आपल्यातलं कुणी असतं का तिथे? घेतात का आपल्याला?"

पहिल्याचं उत्तर लगेच देते. हो, खरं आहे. आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात, म्हणून घरच्यांनाही पटकन विश्वास बसत नाही. अमेरिकेत हे काम नर्स एकोणिसाव्या शतकापासून करत आल्या आहेत. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये ॲलिस मॅगॉ नावाची नर्स मास्कवर थेंब थेंब ईथर सोडून भूल द्यायची. १९०६ साली तिने आपण दिलेल्या १४,००० हून अधिक भुलींचा आढावा छापला. भुलीमुळे झालेला मृत्यू त्यात एकही नव्हता. आज या वाटेला लागायचं तर नर्सिंगची पदवी, इथलं लायसन्स, किमान एक वर्ष आयसीयूचा अनुभव (तोही अमेरिकेतल्या आयसीयूचा), मग निदान तीन वर्षांचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम, त्यात किमान २,००० तास प्रत्यक्ष काम आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. त्या तीन वर्षांत नोकरी करणं जवळपास अशक्य असतं. पैशाचा विचार आधीच करून ठेवा, हे मी प्रत्येकीला सांगते.

आता दुसरा प्रश्न. तो तुम्ही दबकत विचारता, पण मला तोच मोठा वाटतो.

या नर्सेसची राष्ट्रीय संघटना १९३१ साली सुरू झाली. कृष्णवर्णीय नर्सना तिचं सभासदत्व मिळायला १९४४ उजाडलं, पुरुषांना १९४७. म्हणजे काम करत होत्या, पण यादीत नव्हत्या. त्या काळातून वर आलेली एक बाई मला कायम आठवते, गोल्डी ब्रँगमन. सप्टेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका दुकानात मार्टिन ल्यूथर किंग पुस्तकांवर सह्या करत बसले होते, तेव्हा एका बाईने त्यांच्या छातीत पत्रं फोडायची सुरी खुपसली. पातं महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला, इतकं खेटून होतं, की एक शिंक आली असती तर सगळं संपलं असतं. हार्लेम हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा श्वासाची पिशवी दाबून त्यांचा श्वास चालू ठेवणाऱ्या हातांत ब्रँगमन यांचे हात होते. १९७३ मध्ये त्याच राष्ट्रीय संघटनेच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष झाल्या. हार्लेम हॉस्पिटलमधली भूल शिकवणारी शाळाही त्यांनी कित्येक वर्षं चालवली. मला त्यांच्या अध्यक्षपदापेक्षा ती शाळा जास्त मोलाची वाटते. स्वतः आत आल्या आणि दार उघडं धरून उभ्या राहिल्या.

"पण भूल देणारी कुठल्या जातीची, कुठल्या भाषेची, याने पेशंटला काय फरक पडतो?" असंही कुणी कुणी विचारतं. त्यांना मी न्यू जर्सीतल्या एका सकाळची गोष्ट सांगते.

खुब्याच्या ऑपरेशनसाठी एक आजी आल्या होत्या, मुलाकडे राहणाऱ्या. कागदावर कुणीतरी 'हिंदी' लिहिलं होतं, म्हणून फोनवर हिंदी दुभाषी जोडून दिला. त्याने विचारलं, उपवास आहे ना? आजींनी मान हलवली, हो. फॉर्मवर खूण झाली. मी आत गेले, त्यांचं आडनाव वाचलं आणि म्हटलं, "आजी, सकाळी चहा झाला का?" त्यांचा चेहरा उजळला. "झाला की गं. अर्धाच कप घेतला, दूध घालून. उपासाला चहा चालतो."

आजींचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे उपासाला चहा चालतो, साबुदाण्याची खिचडी चालते, शेंगदाण्याचा लाडू चालतो. पण भूल देताना 'उपाशी' म्हणजे पोट रिकामं. पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दूध मात्र सहा तास आधी थांबवावं लागतं. भुलीत घशाची राखण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया झोपी जाते. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरू शकतं. ऑपरेशन दुपारवर ढकललं. सर्जन थोडे वैतागले, मग त्यांनी कारण ऐकलं आणि गप्प झाले. दुभाषी वाईट नव्हता, त्याने शब्द बरोबर सांगितला होता. पण 'उपास' या शब्दाच्या पोटात चहा असतो, हे ठाऊक असलेलं माणूस खोलीत हवं होतं. हैतीतून आलेल्या, मेक्सिकोतून आलेल्या, मिसिसिपीच्या खेड्यातून आलेल्या प्रत्येक पेशंटच्या शब्दांच्या पोटात असं काहीतरी असतंच.

आता मला कुणी आत घेतलं, ते सांगते. पहिल्या वर्षी भुलीच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला आणि तो नाकारला गेला. आयसीयूचा अनुभव भरपूर, मार्क चांगले, तरी नकार. काय चुकलं ते सांगणारं ओळखीचं कुणी नव्हतं. तेव्हा एका सहकारिणीने मला माहिती-सत्राला पाठवलं. अल्पसंख्याक समाजांतल्या नर्सना या वाटेवर हात द्यावा म्हणून वॉलीना गूल्ड या भूल देणाऱ्या नर्सने २००६ मध्ये एक मार्गदर्शन कार्यक्रम सुरू केला होता, त्याचंच ते सत्र. तिथे सकाळी अर्ज कसा करायचा ते सांगतात आणि दुपारी सरावाच्या पुतळ्यांवर श्वासनलिकेत नळी घालायला शिकवतात. मी पहिल्यांदा लॅरिंगोस्कोप, म्हणजे जीभ उचलून घसा दाखवणारं पात्याचं उपकरण, डाव्या हातात धरला आणि पहारीने दगड उचकटावा तसं मनगट मागे वळवलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी माझं मनगट सरळ केलं. "दातांवर टेकू नकोस. पुढे आणि वर उचल, समोरची भिंत आणि छत जिथे मिळतात त्या दिशेने." आजही प्रत्येक वेळी मी त्याच कोपऱ्याकडे उचलते.

त्याच बाईंनी माझा अर्जातला निबंध मागून घेतला. नेवार्कच्या, वीस वर्षं भूल देणाऱ्या. आठवड्याने कागद परत आला तो लाल रेघांनी भरलेला. व्याकरणाची एकही चूक त्यांनी काढली नव्हती. मी जिथे जिथे 'डॉक्टरांच्या सूचनेनुसार औषध देण्यात आले' अशा धाटणीचं वाक्य लिहिलं होतं, तेवढ्यालाच खाली रेघ होती. अकरा ठिकाणी. त्यांनी फोनवर विचारलं, "रात्री तीन वाजता प्रेशर पडतंय हे कुणाच्या लक्षात आलं?" मी म्हटलं, माझ्या. "डॉक्टरांना झोपेतून कुणी उठवलं? काय सुरू करायचं ते कुणी सुचवलं?" मीच. "मग या कागदावर तू कुठे आहेस?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून असंच लिहायला शिकवलं जातं: औषध देण्यात आले, ड्रेसिंग करण्यात आले, नातेवाइकांना कळवण्यात आले. सगळं होतं, करणारी कुठेच नसते. त्यात घरी शिकवलेलं, की 'मी मी' करू नये. ही आपली नम्रता मला आजही प्रिय आहे. पण टेबलाच्या डोक्याशी एकटं उभं राहून 'मी ठरवलं' म्हणता येईल अशी व्यक्ती निवड समिती शोधत असते, आणि माझ्या निबंधात ती लपून बसली होती. पुन्हा लिहिला. त्या बाईंनी तीनदा परत पाठवला. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला.

म्हणून तुम्ही विचारता, आपल्यातलं कुणी असतं का, तर हो, आहोत. थोडे आहोत. सध्या माझ्याकडे दोघी आहेत, एक केरळची, एक हैतीची. रविवारी दुपारी तासभर फोन असतो. हैतीच्या मुलीच्या निबंधात परवा मला तेच सापडलं, दुसऱ्या भाषेतून आलेलं, पण तसंच अंग चोरून बसलेलं वाक्य. 'पेशंटला स्थिर करण्यात आले.' मी रेघ मारली आणि विचारलं, कुणी केलं?

तुम्ही पुण्यात आयसीयूत आहात, लायसन्सच्या परीक्षेची तयारी चालू आहे, ग्रीन कार्डाची रांग लांब आहे, सगळं समजलं. तोवर एक करा. ज्या रात्री तुमच्यामुळे एखाद्या पेशंटची सकाळ झाली, ती रात्र एका पानावर लिहा. मराठीत लिहिलीत तरी चालेल. मला पाठवा. लाल पेन माझ्याकडे आहे.