भागिले चार

फ्रुटा, कॅपिटल रीफ नॅशनल पार्क, युटा, अमेरिका. रात्र.

आकडा काही मोठा नव्हता. पेट्रोल ९७ डॉलर, भागिले चार. चाकांवरच्या घरासारख्या या भाड्याच्या गाडीत आम्ही जुने मेसवाले पाच जण आहोत.

नकाशा बघ म्हणून मास्तरनेच फोन माझ्या हातात दिला होता. काकूने हिशेबाच्या अ‍ॅपवर खर्च टाकला, त्याची पट्टी स्क्रीनवर वरून खाली आली आणि गेली. मी काही बोलले नाही. बारा नंबरच्या रस्त्यावरचा तो हॉगबॅकचा भाग चालला होता, दोन्हीकडे खोल उतार आणि कठडा नाही. मागे कपाटात कुकर आपटत होता. जाड्या डोळे मिटून बसला होता, झोपलेला नव्हता. अशा वेळी ड्रायव्हरशी कोण हिशेबाचं बोलणार?

पण ते डोक्यात बसलं ते बसलंच. बोल्डर माउंटनवर गाडी साडेनऊ हजार फुटांपर्यंत चढली, अस्पेनची झाडं सगळी पिवळी झालेली, सगळे धावले फोटोंना. फोटोत मी हसतेय. आत चाललंय भागिले चार.

मला कुणी विचारलंच नव्हतं. विमानाचं तिकीट माझं मी काढलं, व्हिसाचं माझं मी निस्तरलं, गाडीचं शेवटी बसू तेव्हा बघू असं मी धरून चालले. मेसच्या बिलात एका जास्तीच्या अंड्यावरून तासभर भांडणारी ही माणसं! काकू तर साखरेच्या डब्यावर पेनाने खूण करून ठेवायची. ती काकू आता मला वगळून भागाकार करते.

मग एकेक दिसायला लागतं. मागचा खराखुरा पलंग मला. जाड्या तो एवढा देह घेऊन ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीवर. तो कुशीवर वळला की अख्खी गाडी हलते. काकू आणि चिमणी जेवणाचं टेबल पाडून त्यावर. भांड्यांना हात लावला की "तू बस गं." पाणी भरायला नळी धरली की "राहू दे, बूट भिजतील." संडासाची टाकी रिकामी करायला चिठ्ठ्या टाकतात, त्यात माझी चिठ्ठी नसते. आतापर्यंत हे सगळं मला लाड वाटत होतं.

झायन पार्कमधला बोगदा १९३० सालचा, तेव्हाच्या मोटारींच्या मापाचा. आमचं धूड त्यात कुठे घालायचं म्हणून लांबून वळसा घेतला. तेव्हाही मास्तर म्हणाला, "पेट्रोलचं काय, बघू." मी मान डोलावली होती. त्या "बघू"त मी होते की नव्हते?

ब्राइस कॅन्यनला कड्यावर उभे होतो. फटीत पाणी शिरतं, रात्री गोठतं, फुगतं, दगड फुटतो; वर्षातल्या जवळजवळ निम्म्या रात्री हेच चालतं आणि त्यातून ते लाल सुळके उरतात, असं मास्तर सांगत होता. सांगतो छान. असं काही निघालं की बारक्या मध्येच एक फालतू शंका काढायचा. त्याचं नाव या गाडीत अजून कुणी घेतलेलं नाही. मीही नाही.

काल रात्री पडल्या पडल्या गुणाकार केला. ही गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते. त्यात गाडीचं रोजचं भाडं, वर मैलांचे वेगळे पैसे, कॅम्पच्या जागा. मग त्याचे रुपये केले. करू नयेत. माझा पगार यांना माहीत आहे, मीच सांगितला होता, फोनवर, ते सगळं झालं तेव्हा. म्हणजे यांनी आधी माझा पगार धरला, मग भागाकार केला.

हीटरचा पंखा घुरघुरायला लागला आणि झोप गेली ती गेलीच. मग वहीत मीही खर्च टाकायला घेतला. सांगलीचं भडंग, दोन किलो, भागिले चार. मेटकूट, भागिले चार. आईच्या चकल्या, सबंध प्रवास माझ्या मांडीवर बसून आलेल्या, भागिले चार, वाहतूक वेगळी. पुरणपोळ्या सगळ्या मास्तरच्या नावावर, ब्राइसच्या थंडीत त्याने एकट्याने उडवल्या. लिहिता लिहिता हसू यायला लागलं. या हिशेबाने ते माझं बरंच देणं लागतात.

सकाळी इथल्या बागांत गेलो. १८८०च्या दशकात मॉर्मन पंथाचे लोक इथे नदीकाठी येऊन राहिले, त्यांनी लावलेल्या फळबागा आता पार्कवाले सांभाळतात. नियम असा की बागेत उभं राहून खाल तेवढं फुकट, बरोबर न्यायचं तर वजन करून पैसे पेटीत टाकायचे. आम्ही सफरचंदं तोडली. वजन केलं. काकूचा हात पर्समध्ये जायच्या आत मी पेटीत नोटा टाकल्या.

ती रागावली. नाटकी नाही, खरंच. "तुला कुणी सांगितलं?"

"टाक ना तुझ्या यादीत," म्हटलं. "भागिले पाच."

चिमणी मास्तरकडे बघून पुटपुटली, "हिने बघितलं वाटतं." म्हणजे यावर बोलणं झालेलं होतं. माझ्या माघारी, माझ्यासाठी. हे जास्त लागलं की कमी, अजून ठरत नाही.

मास्तर म्हणाला, "आजपासून घेतो तुला. मागचं मागे."

"मागचं मागे का?"

"तुला गुणाकार येतो म्हणून."

यावर काय बोलणार? जाड्या सफरचंद खात होता, म्हणाला, भडंग उरलंय का? उरलंय. पण ते आता कुलपात आहे.

इथे फोनला रेंज नाही, त्यामुळे त्या यादीत मी अजूनही नाहीच. हँक्सव्हिल आलं की घेतील म्हणे. चिठ्ठ्यांना मात्र रेंज लागत नाही. उद्या निघायच्या आधी टाकी रिकामी करायची आहे, जेवण झाल्याबरोबर जाड्याने उत्साहाने पाच चिठ्ठ्या केल्या. माझीच निघाली. त्याने हातमोजे दोन्ही हातांनी आणून दिले. आधी संडासाची काळी टाकी सोडायची, मग राखाडी, म्हणजे मोरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. एवढं चिमणीकडून पाठ करून घेतलंय.

काकूला मात्र राहवेना. म्हणाली, उद्या नळी मी धरते.

म्हटलं, तू बस गं.