नुसतं ‘थकले’ म्हणून भागत नाही

एका संस्थेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ मी तीनदा तपासलं, तरी त्यावर ‘वर्धापनदीन’ छापून आलं. मी मुद्रितशोधक आहे. वीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घावरच पोट भरतेय. दिनाचा दीन झाला आणि सगळ्या प्रतींवर दीनवाणा बसून राहिला. संस्थेचे चिटणीस फोनवर फार सभ्यपणे बोलले, त्याचंच जास्त लागलं.

तोवर वर्षभर मी ‘थकलेय’ हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरत होते. सकाळी उठले की थकलेय, जिना चढले की थकलेय, प्रूफं संपली की थकलेय, कुणी कुठे बोलावलं तरी थकलेय. ऐकणाऱ्यांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे उपाय सांगितले: लवकर झोप, व्यायाम कर, विचार कमी कर, टॉनिक घे. टॉनिक घेतलं. बाटली संपली, थकवा होता तिथेच. एका डॉक्टरांकडे रक्तही तपासून झालं. हिमोग्लोबिन १२.१, थायरॉइड ठीक, साखर ठीक. ‘सगळं नॉर्मल आहे, ताण घेऊ नका,’ म्हणत त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. ताण घेऊ नका म्हटल्यावर जो येतो, तो ताण घेऊन मी घरी आले.

स्मरणिकेच्या प्रकारानंतर दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी फाइल उघडलीच नाही.

‘थकवा येतो म्हणजे नेमकं काय होतं?’

‘म्हणजे… थकायला होतं.’

‘दुपारी खुर्चीत टेकलात तर डोळा लागतो?’

‘कधीकधी. पण बऱ्याचदा झोप येत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं.’

‘जिना चढताना?’

‘धाप लागते.’

‘वाचताना?’

‘तीच ओळ तीनदा वाचते.’

‘आणि एखादं आवडीचं काम पुढ्यात आलं तर?’

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. त्या म्हणाल्या, ‘या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. तुम्ही चौघींना एकाच नावाने हाका मारताय.’

शब्दांवर जगणाऱ्या बाईला हे डॉक्टरांनी सांगावं! मराठीत काय शब्दांचा दुष्काळ आहे? दमणूक, शिणवटा, पेंग, ग्लानी, मरगळ, अंगात त्राण नसणं. मी मात्र सगळ्यांवर ‘थकवा’चा शिक्का मारून मोकळी होत होते.

दोन आठवडे नोंदी ठेवायच्या, असं ठरलं. घरी येऊन जुन्या प्रूफांच्या कोऱ्या पाठीवर चार रकाने आखले: पेंग, धाप, शीण, मरगळ. डॉक्टरबाईंचं याहून पद्धतशीर असेल, पण मला हे चार शब्द पुरले. वेळ लिहायची, त्याआधी काय करत होते ते लिहायचं आणि योग्य रकान्यात खूण. पहिल्या आठवड्यातल्या दोन नोंदी अशा:

‘मंगळवार, सकाळी १०.४०. दोन जिने. कठडा धरावा लागला. छातीत धडधड. डोकं मात्र लख्ख.’

‘बुधवार, दुपारी २.३०. पान ११४. एक परिच्छेद चार वेळा. उठून तोंड धुतलं, फरक शून्य. पाय ठणठणीत.’

एकीकडे डोकं चांगलं आणि अंग गळालेलं, दुसरीकडे अंग चांगलं आणि डोकं बंद. या दोन्हींवर एकच औषध चालेल असं वर्षभर मला कसं वाटलं, देव जाणे.

धापेचा रकाना सगळ्यात आधी सुटला. डॉक्टरबाईंनी जुना रिपोर्ट पाहिला आणि फेरिटिन करायला सांगितलं. फेरिटिनवरून शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो. माझं आलं ९. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने निरोगी प्रौढ माणसाचं फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. आणि बायकांसाठी रक्तक्षयाची रेषा आहे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषांसाठी १३ च्या. म्हणजे माझं १२.१ काठावर पास होतं, आणि कोठार केव्हाच रिकामं. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं, हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी पडू देतं. पण लोह काही फक्त रक्तालाच लागत नाही. स्नायूंना आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार होण्यालाही लागतं. त्यामुळे रक्तक्षय नसतानाही माणूस गळून जाऊ शकतो. ‘नॉर्मल’ या शब्दाशी माझं तेव्हापासून जरा वाकडंच आहे. (फेरिटिनही कधी फसवतं. अंगात कुठे दाह किंवा संसर्ग असेल तर आकडा फुगून येतो.)

गोळ्या लिहून देण्याआधी त्यांनी विचारलं, लोह जातंय कुठे? पाळीत किती दिवस, किती रक्तस्राव, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का. मी म्हटलं, हो, पण ते पहिल्यापासूनच तसं आहे. पहिल्यापासून आहे म्हणजे बरोबर आहे, असं मी धरून चालले होते. सोनोग्राफीत गर्भाशयात एक फायब्रॉइडची, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठ दिसली. कारण सापडलं नसतं तर आमचं गळक्या टाकीत पाणी भरणं चालूच राहिलं असतं. पाळीचं कारण नसलेल्यांचं, म्हणजे पुरुषांचं किंवा पाळी गेलेल्या बायकांचं लोह कमी आलं, तर पोटात-आतड्यात कुठे रक्त जातंय का हे पाहतात. ते सोडून नुसत्या गोळ्या खात बसू नये.

गोळ्यांचा अनुभव सांगण्यासारखा आहे, कारण पहिला महिना मी तो स्वतःच वाया घालवला. सकाळची गोळी सकाळच्या चहाबरोबर. चहा-कॉफीतली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषलंच जात नाही, हे गोळीच्या पाकिटावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. शिवाय पोट बिघडलं, म्हणून मी अधूनमधून गोळी चुकवायला लागले. कबूल केल्यावर ओरडा बसेल असं वाटलं होतं. त्याऐवजी त्यांनी एक दिवसाआड घ्यायला सांगितलं. लोहाचा एक डोस घेतला की शरीरात हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवून धरतं. त्यामुळे रोजच्या गोळीतलं बरंचसं लोह तसंही वाया जातं. एक दिवसाआड घेतल्यावर पोटही शांत झालं. शौचाचा रंग काळा होतो, तो गोळीमुळे. पहिल्यांदा दिसल्यावर मात्र माझी पाचावर धारण बसली होती.

तीन आठवडे काही म्हणजे काही वाटलं नाही. मग एक दिवस वर पोहोचल्यावर लक्षात आलं की कठड्याला हातच लावलेला नाही. हिमोग्लोबिन दोन महिन्यांत १३ च्या पुढे गेलं. गोळ्या तेव्हाच बंद करायचा मोह झाला होता, पण हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला आणखी काही महिने लागतात. पाचव्या महिन्यात फेरिटिन ४१ आलं.

आता पेंग. डॉक्टरबाईंनी मला एपवर्थची प्रश्नावली भरायला दिली. मरे जॉन्स या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ती १९९१ मध्ये मांडली. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं की झोपेकडे नीट बघायचं. माझे आले ११. घोरणं किंवा झोपेत श्वास अडखळणं आहे का, हे त्यांनी घरच्यांनाच विचारलं, मला नव्हे. झोपलेल्या माणसाची साक्ष कोण धरणार? ते नव्हतं. होतं ते इतकंच की मी रोज जेमतेम सहा तास झोपत होते आणि ‘मला तेवढी पुरते’ असं अभिमानाने सांगत होते. प्रौढांना किमान सात तास लागतात. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. लक्ष देण्याच्या चाचणीत त्यांच्या चुका दिवसागणिक वाढत गेल्या, पण आपण किती पेंगुळलोय हे त्यांना स्वतःला तितकंसं जाणवत नव्हतं. हे वाचलं आणि ‘वर्धापनदीन’ डोळ्यांपुढे आला.

झोप कमी पडायला दोन कारणं होती. एक, अंथरुणावर पडलं की पायांत वळवळ सुरू व्हायची. पाय हलवले की बरं, थांबवले की पुन्हा. कमी लोहाशी या त्रासाचा संबंध असतो, आणि साठा भरत गेला तशी माझी वळवळ बरीच कमी झाली. धापेच्या रकान्यातलं कारण पेंगेच्या रकान्यात पाय पसरून बसलं होतं म्हणायचं.

दुसरं, संध्याकाळी पाचची कॉफी. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानेच पेंग येते. कॅफिन त्या ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं. पेंग जात नाही, नुसती दाराबाहेर उभी राहते. आणि पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. म्हणजे रात्री दहाला माझ्या अंगात अजून अर्धा कप शिल्लक. शूरपणा करून मी कॉफी एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की अनुस्वारसुद्धा टोचायला लागले. मग माघार घेतली आणि आठवड्याला एक कप या बेताने उतरवत आणलं. आता सकाळी दोन, दुपारी बारानंतर नाही. उठायची वेळ रोज एकच, सुटीच्या दिवशीसुद्धा. हे कॉफीपेक्षा अवघड गेलं.

शीण मात्र औषधाने जाण्यातला नव्हता, कारण तो आजारच नव्हता. नोंदींत तो जवळजवळ नेमाने दुपारी दोन ते चारच्या दरम्यान यायचा. मी त्याचा दोष जेवणाला देत होते, पण दुपारची ही उतरण शरीराच्या घड्याळातच आहे. न जेवलेल्यालाही ती लागते. डोक्याचा शीण अंगात उतरतो, हे इटलीच्या अँजेलो मोस्सो या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवलं होतं. बोटाने वजन ओढायचं एक यंत्र त्याने केलं होतं. दिवसभर तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांचं बोट त्या यंत्रावर लवकर दमायचं. परीक्षा घेणाऱ्यांचं! देणाऱ्यांचं काय होत असेल.

मी कामाची मांडणी बदलली. मुखपृष्ठं, मथळे, नावं, आकडे सकाळीच. दुपारी पृष्ठांक जुळवणं, सूचीचा अनुक्रम लावणं. पन्नास मिनिटांनी उठायचंच, परिच्छेद अर्धा राहिला तरी. आणि वीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. एकदा गजर लावायला विसरले आणि दीड तासाने उठले. तासभर मी कोण आणि ही कुणाची प्रूफं हेच कळत नव्हतं.

एक चूक बरं वाटायला लागल्यावर केली. तिसऱ्या महिन्यात एक रविवार असा उजाडला की अंगात जणू दहा हत्तींचं बळ. कपाटं उपसली, पुस्तकं झटकली, पडदे धुतले. सोमवार-मंगळवार आडवी. मागची उधारी एका दिवसात फेडायला जाऊन नवी करून ठेवली होती. तेव्हापासून अंगात थोडं शिल्लक असतानाच थांबते. हे माझ्यापुरतं. थोडीशी दगदग झाली तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्यांना पार कोसळायला होतं आणि महिनोन्‌महिने तसंच चालतं, त्यांचा आजार वेगळा असू शकतो. त्यांनी ‘जरा हातपाय हलव’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नये, डॉक्टरांना नेमकं हेच सांगावं. वजन आपोआप उतरतंय, ताप येतोय, रात्री घामाने भिजायला होतंय, असं असेल तर रकाने आखत बसण्यात वेळ घालवू नये.

मरगळ उरली. डॉक्टरबाईंनी दोनच प्रश्न विचारले होते: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटत नाही असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? नैराश्याची चाहूल घ्यायला हेच दोन प्रश्न वापरतात, आणि उत्तर ‘बहुतेक रोज’ असतं तर त्यांनी तो धागा सोडला नसता. माझं तसं नव्हतं. पण नोंदी मोजल्या तेव्हा मरगळीच्या चौदा खुणांपैकी नऊ एकाच गिऱ्हाइकाच्या कामाच्या दिवशीच्या निघाल्या. तेच ते, जे पैसे थकवतात आणि रात्री अकराला ‘अर्जंट’ पाठवतात. यावर गोळी नाही. हातातलं काम पूर्ण करून दिलं आणि पुढचं घ्यायला नम्रपणे नकार दिला. मिळकत थोडी घटली आहे, ते जाणवतं.

रकाने आता आखत नाही. परवा बहिणीचा फोन आला, ‘थकलेय गं.’ मी विचारलं, ‘धाप, पेंग, शीण की मरगळ?’ तिने ‘नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवला. गाठ सध्या आहे तेवढीच आहे, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, फेरिटिन त्याआधी एकदा. संस्थेने यंदाची स्मरणिका माझ्याकडेच पाठवली आहे. मुखपृष्ठ उद्या सकाळी बघणार.